माझे हरवलेले नाक

कुडवा हे आमचे गाव गोंदिया शहराला इतके चिकटून आहे की, शहर कोठे संपते आणि गाव कोठे लागते हे परक्या माणसाला सांगता यायचे नाही. मला मात्र, कोणी डोळ्यांना फडके बांधून रिक्षात बसवले असते तरी, ते नाकाने सांगता आले असते. अरवा तांदळाच्या गिरणीचा वास कोरडा आणि पिठूळ असतो. उसन्या तांदळाच्या गिरणीचा ओलसर, किंचित आंबूस, कारण तेथे धान आधी भिजवून वाफवलेले असते. मध्येच एखाद्या ओसरीवर बायका बिड्या वळत बसलेल्या असल्या की तंबाखूचा ठसका लागतो. आणि चैत्रात वारा रानाकडून वाहू लागला की या सगळ्यांवर मोहफुलांचा गोड, जड वास पसरतो. पुण्यामुंबईच्या पुष्कळ वाचकांनी तो घेतला नसेल. कसा असतो ते मी सांगणार होतो. पण २०२१ च्या एप्रिलपासून कित्येक महिने तो मलाच आठवेनासा झाला होता.

मी एका राईस मिलमध्ये मुनीम आहे. मुनीम म्हटले की चोपड्या आणि चष्मा एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. लहान गिरणीत मुनिमाला सगळेच करावे लागते आणि त्यात सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे नमुना पाहणे. पोत्यात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढायचे, मूठ मिटायची, अंगठ्याच्या बाजूने तिच्यात तोंडाची गरम वाफ सोडायची आणि लगेच ती नाकाशी न्यायची. माल नवा की जुना, भिजून वाळवलेला की काय, त्याला बुरशी शिवली की नाही, हे सारे त्या एका श्वासात कळते. ओलावा मोजायची यंत्रे आमच्याकडेही आली आहेत. पण यंत्र ओलावा सांगते. ते पोते गेल्या पावसाळ्यात कोठे निजले होते, हे यंत्र सांगत नाही. एकतीस वर्षे मी हे काम केले, आणि माझ्या नाकाला बाजारात थोडा मान होता असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला ताप आला. दिवस कसे होते ते कोणी विसरलेले नाही. माझे दुखणे सौम्यच निघाले. चार दिवस अंग मोडून आले, पाचव्या दिवशी उतरले. सहाव्या दिवशी सकाळी सौ.ने चहा आणून दिला तो मला नुसता गरम आणि गोड लागला. आले होते, वेलची होती, पण माझ्या लेखी कपात काहीच नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, पुष्कळांचे असे होत आहे, येईल परत. मीही फारसे मनावर घेतले नाही. जिथे माणसे जात होती तिथे नाकाचे काय घेऊन बसायचे?

मनावर घ्यायची वेळ दोन प्रसंगांनी आणली. एकदा मी स्वयंपाकघराला लागूनच असलेल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सौ. शेजारी गेली होती, ती दारातून आत आली आणि ओरडलीच, "अहो, गॅस! खिडकी उघडा आधी!" दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू होता. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. ती सारी योजना माझ्यापुरती व्यर्थ गेली होती. त्या दिवसापासून मला घरात एकटे ठेवायचे नाही असे ठरले.

दुसरा प्रसंग गिरणीतला. कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक लॉट पास केला. मूठ मिटली, वाफ सोडली, नाकाशी नेली, मान हलवली, सगळे सवयीने. तेवढ्यात आमचा म्हातारा हमाल पोते पाठीवर घेता घेता थांबला. त्याने काही बोलण्याऐवजी त्याच पोत्यातले चार दाणे उचलून हुंगले आणि हळूच म्हणाला, "हा माल कुबट येऊन राहिला जी, मुनीमजी." मला घाम फुटला. नाक गेले आहे हे मी मालकांना सांगितले नव्हते. सांगितले तर पगार कोणत्या कामाचा घ्यायचा, हा प्रश्न होता. पुढे तीनचार महिने तो हमाल माझे नाक झाला. नमुना काढताना तो जवळ येऊन उभा राही. माल चांगला असला तर गमछाने तोंड पुसे, वाईट असला तर खाली थुंके. जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत ही नोंद नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी भाची आमच्याकडे येऊन राहिली होती. ती नागपूरला प्राणिशास्त्र शिकते. कॉलेज बंद, वसतिगृह बंद. एके दुपारी केळ्यांच्या घडावर केंबरी घोंगावत होती म्हणून मी फडके आपटू लागलो, तर ती म्हणाली, "मामा, नका मारू. तुमच्या नाकाचं कोडं सोडवायला हीच कामाला आली आहेत." मला थट्टा वाटली. पण तिने पुढे जे सांगितले आणि मग मी स्वतः मिळेल ते वाचून काढले, ते मला कोणत्याही कादंबरीहून रंजक वाटले.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. अणूंचा आणि तारकांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत होमी भाभांनी १९६२ साली ओबैद सिद्दिकी या तरुण शास्त्रज्ञाला जीवशास्त्राचा विभाग उभारायला बोलावले. सिद्दिकींनी पुढे या केंबरांना, शास्त्रीय भाषेत फळमाश्यांना, हाताशी धरले. त्यांच्याकडे संशोधन करायला वेरोनिका रॉड्रिग्ज ही मुलगी आली. घराणे गोव्याचे, जन्म १९५३ सालचा केनियातला, शिक्षण आयर्लंडात डब्लिनला. आणि ती आली ती थेट कुलाब्याला, माश्यांना वास कसा येतो हे शोधायला! तिच्या घरच्यांना नातेवाइकांपुढे ते समजावून सांगताना काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकतो.

त्यांची परीक्षा मोठी गमतीची होती. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची. एका फाट्यात वासाची हवा, दुसऱ्यात साधी. माश्या देठाकडून सोडायच्या आणि कोणत्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचे. धडधाकट माश्या वास ओळखून एका बाजूला जातात. ज्यांच्या अनुवंशद्रव्यात नेमका बिघाड झालेला आहे अशा माश्या मात्र दोन्हीकडे सारख्याच वाटल्या जातात, कारण त्यांना दोन्ही फाटे सारखेच. अशा वासआंधळ्या माश्यांचे वाण त्यांनी वेगळे काढले आणि १९७८ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात काही वाण असे होते की एका जातीचा वास येत नाही पण दुसरा व्यवस्थित येतो. म्हणजे नाकाचा कारभार अनेक खात्यांचा आहे, आणि एक खाते बंद पडले तरी दुसरे चालू राहते. पुढे १९९१ साली अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी सस्तन प्राण्यांच्या नाकातील गंधग्राहक प्रथिनांचे मोठे कुटुंबच शोधून काढले. त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात अशी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके चालू स्थितीत आहेत, आणि बहुधा एका चेतापेशीवर त्यांतला एकच प्रकार असतो.

इथवर मला समजले. वासाचा कण म्हणजे किल्ली आणि ग्राहक म्हणजे कुलूप. पण भाची म्हणाली, "मामा, सगळे कुलपाबद्दलच बोलतात. कुलूप ज्या दारात बसवलंय त्या दाराकडे कोणी बघतच नाही." आणि हे दार तेलाचे असते!

प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. त्याची जाडी इतकी कमी की मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातील तांबड्या पेशींमधले स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरले, तेव्हा ते पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापते असे त्यांना दिसले. म्हणजे पेशीच्या अंगावर तेलाचे दोन थर आहेत. या स्निग्धाच्या कणाचे डोके पाण्याशी मैत्री करणारे आणि त्याला दोन तेलकट शेपट्या असतात. शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी बाहेर पाण्याकडे, अशी दुहेरी रांग लागली की पटल तयार. ग्राहक प्रथिने या पातळ तेलात तरंगत असतात. (करोनाचा विषाणूही आपले बाहेरचे पांघरूण आपल्याच पेशींच्या स्निग्धातून चोरतो, साबणाने हात धुताना आपण तेच फाडत होतो.)

बरीच वर्षे समजूत अशी की हे स्निग्ध म्हणजे नुसते वेष्टण. पोते काय, आत धान असले म्हणजे झाले. पण पोत्याचा धागाही निरोप पोचवतो असे जर कोणी म्हटले तर? पटलात अगदी थोड्या प्रमाणात असणारे एक स्निग्ध आहे; त्याचे रासायनिक नाव मालगाडीसारखे लांब आहे, शास्त्रज्ञ थोडक्यात त्याला पीआयपी-दोन म्हणतात. बाहेरून खूण आली की एक विकर, म्हणजे पेशीतले कात्रीसारखे काम करणारे प्रथिन, या स्निग्धाचे डोके शेपट्यांपासून छाटते. डोके पेशीच्या आतल्या पाण्यात निघून जाते, शेपट्या पटलातच राहतात, आणि दोन्ही तुकडे पुढे निरोप पोचवतात. माशीच्या डोळ्यात हीच यंत्रणा चालते हे आधीच माहीत होते. ही कात्री नसलेली माशी आंधळी असते.

हे ऐकताना मी उठून उभा राहिलो, कारण ही गोष्ट मी एकतीस वर्षे रोज पाहत आलो होतो. कोंडा! धानाचा दाणा साबूत असतो तोवर त्यातले तेल आणि ते तेल तोडणारे विकर वेगवेगळ्या थरांत, शेजारी असूनही अबोला धरल्यासारखे राहतात. भरडाईत दाणा घासला गेला, कोंडा सुटला, की दोघांची गाठ पडते आणि विकर तेलाचे तुकडे करू लागते. काही तासांतच कोंड्याला वेगळा वास येऊ लागतो, आणि दोनतीन दिवस पडून राहिला तर तो खवट होतो. म्हणून कोंड्याचे तेल काढायचे असेल तर तो ताबडतोब कारखान्याकडे रवाना करा, नाहीतर वाफेवर तापवून त्यातले विकर मारा, असा नियम. माझे निम्मे आयुष्य तेलाचे तुकडे कितपत पडले आहेत हे नाकाने ओळखण्यात गेले. आणि नाकातही वास कळण्याच्या कामी तेलाचेच तुकडे पडत असतील, असे ही मुलगी मला सांगत होती!

"पडत असतील" असे मी जपून लिहितो आहे, कारण येथे एक वाद आहे आणि तो वाचकांपासून लपवू नये. टाटा संस्थेचेच जीवशास्त्राचे केंद्र १९९० नंतर बंगलोरला उभे राहिले. तेथे पिंकी कैन, गायती हसन आणि त्यांचे सहकारी यांनी, सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज यांच्याबरोबर, माशीच्या शृंगिकांमधल्या, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशांमधल्या, चेतापेशी तपासल्या. माशीचे नाक तिथेच असते. त्यांनी तीन प्रकारच्या माश्या घेतल्या: कात्रीला हुकूम देणारे प्रथिन बिघडलेल्या, खुद्द कात्री बिघडलेल्या, आणि छाटून उरलेल्या शेपट्या उचलून पुन्हा कामाला लावणारे विकर बिघडलेल्या. हे तिसरे विकर मला आमच्या हमालासारखे वाटते. त्याचे नाव हिशेबात येत नाही, पण तो नसला तर गिरणी तुंबते. तिन्ही प्रकारांत वासाला मिळणारा विजेचा प्रतिसाद कमी भरला. २००८ साली हे प्रसिद्ध झाले.

आणि नेमक्या त्याच वर्षी जपान, अमेरिका व जर्मनी येथील शास्त्रज्ञांनी दाखवले की, कीटकांचे गंधग्राहक हे आमच्या नाकातल्यासारखे नुसते कुलूप नसून स्वतःच विद्युत्भारित कणांना वाट देणारी खिडकी आहे. वासाचा कण लागला की खिडकी आपली आपण उघडते. मग मध्ये स्निग्धाच्या निरोप्याची गरजच काय? यावर पुष्कळ वाद झाले. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण हिशेबनीस आहे, आणि मला बंगलोरच्या आकड्यांत एक शब्द महत्त्वाचा वाटतो: प्रतिसाद कमी झाला. शून्य झाला नाही. खिडकी आपल्या बळाने उघडत असली तरी ती कितपत उघडावी, यात तेलाचा हात असू शकतो. बिजागरीला तेल नसले तर खिडकी उघडतच नाही असे नाही. कुरकुरते, अर्धी उघडते.

माणसाचे आणि उंदराचे नाक मात्र निराळ्या रीतीने चालते. आपल्याकडे ग्राहकाची खूण मिळाली की पेशीत एक पाण्यात विरघळणारा निरोप्या तयार होतो, तो पटलातल्या खिडक्या उघडतो, आणि विजेची लहर मेंदूकडे जाते. मुख्य रस्ता हा. पण येथेही स्निग्ध गप्प बसत नाही. पीआयपी-दोनचाच एक भाऊ, पीआयपी-तीन, या खिडकीला आतून चिकटतो आणि तिला मंद करतो, असे उंदरांच्या घ्राणपेशींत आढळले आहे. एका वासाने दुसरा वास दबतो याचे निदान काही अंशी कारण हेच असावे, असे २०१० च्या सुमारास अमेरिकेतील प्रयोगांवरून दिसले. घरात मासळी शिजली की आपण ऊद लावतो. एक वास दुसऱ्याला नुसता झाकतो अशी माझी समजूत होती. तो दुसऱ्याचे दार आतून ओढून धरतो, हे मला नवीन होते.

मग माझ्या नाकाचे काय झाले होते? येथे भाचीने माझी थोडी निराशा केली. करोनाचा विषाणू ज्या खुणेला धरून पेशीत शिरतो ती खूण घ्राणपेशींवर जवळजवळ नसते. त्यांच्या भोवती उभ्या असलेल्या आधारपेशींवर असते. हे २०२० मध्येच कळले. म्हणजे रोग झाला शेजाऱ्यांना आणि काम बंद पडले माझे. आधारपेशी मेल्या की घ्राणपेशींचा दाणागोटा तुटतो आणि त्यांचे ग्राहक कमी होतात. पण घ्राणपेशी या शरीरातल्या मोजक्या चेतापेशींपैकी आहेत ज्या आयुष्यभर नव्या जन्माला येतात, म्हणून आशा धरायला जागा असते. पुण्यात आयसर संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने त्या पहिल्या वर्षी माणसाची वास ओळखण्याची शक्ती मोजणारे यंत्र रुग्णांवर वापरले. तेव्हा दिसले की ज्यांना काही लक्षण नाही अशा पुष्कळ रुग्णांचेही नाक मंदावले होते, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मला पत्ता होता. एवढाच माझा धंद्याचा फायदा.

भाचीने मला नाकाची तालीम लावून दिली. जर्मनीत ड्रेस्डेन येथे २००९ साली तपासलेली ही पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास थोडा वेळ हुंगायचा आणि तो कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. चार बाटल्या देवघराशेजारी मांडल्या. शेजारच्या आजींनी विचारले, "ही कोणती पूजा हो?" दोन महिने काही नाही. मग ऑगस्टमध्ये एके सकाळी लवंग आली. लवंगेसारखी नव्हे, जळलेल्या रबरासारखी. चहाला रबर, कांद्याला रबर, सौ.च्या गजऱ्यालाही रबर. नव्या पेशींच्या तारा सुरुवातीला चुकीच्या खांबांना जोडल्या गेल्या की असे होते म्हणतात. काहीच नसण्यापेक्षा हे अधिक त्रासाचे होते. मी महिनाभर दहीभातावर राहिलो.

दिवाळीपर्यंत रबर मागे सरले. चकल्या तळताना तेल किती तापले ते मला वासावरून कळले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण उभा राहिलो. सौ. म्हणाली, "काय हवंय?" मी म्हटले, "काही नाही." दिवाळीनंतर मी मालकांना सगळे सांगून टाकले. ते हसले. म्हणाले, "मला जूनमध्येच कळलं होतं. तुम्ही हमालाकडे बघून मान हलवत होतात."

आता बहुतेक वास परत आले आहेत. खवट कोंडा मला पूर्वीइतकाच लांबून कळतो. मोहफुलेही येतात. आले नाही ते चिन्नोर. आमच्या भागातला हा सुवासिक तांदूळ. त्याचा वास ज्या द्रव्याचा तेच बासमतीतही असते, आणि इतक्या सूक्ष्म प्रमाणात असते की तेवढ्यावर नाक पूर्वी वेडे कसे होई याचे मला आता नवल वाटते. घरात भात शिजला की सगळे म्हणतात, वाहवा. मला नुसती वाफ येते.

तो हमाल गेल्या वर्षी काम सोडून त्याच्या गावी गेला. जाताना मी त्याला पाच किलो चिन्नोर दिला. त्याने पिशवीचे तोंड सोडले, मूठ भरली, मिटली, वाफ सोडली आणि आधी माझ्या नाकाशी धरली. "आला काय जी?"

"थोडा," मी म्हटले. त्याने माझ्याकडे पाहिले, मूठ स्वतःच्या नाकाशी नेली आणि गमछाने तोंड पुसले.